डिग्री तीच, गुडघाही तोच. मग दोन फिजिओंमध्ये एवढा फरक काहून?

संत्राबर्फी

आईचा उजवा गुडघा मार्चच्या शेवटी बदलला. वय ६६, घर नागपुरात नंदनवनला दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. ऑपरेशन छान झालं, सर्जनबद्दल एका शब्दाची तक्रार नाही. गोष्ट आहे ती घरी आल्यानंतरची.

एका एजन्सीमार्फत घरी येणारा फिजिओ लावला. चोवीस-पंचवीसचा मुलगा, बीपीटी (फिजिओथेरपीची पदवी) झालेला, बोलायला गोड. आल्या आल्या मशीनच्या चकत्या चिकटवायचा, पंधरा मिनिटं करंट. मग पाय धरून दहा-पंधरा वेळा वाकवायचा. आई पलंगाची कड घट्ट धरून बसायची, तो "झालं काकू, झालं झालं" म्हणायचा. पंचविसाव्या मिनिटाला खाली स्कूटर सुरू झालेली ऐकू यायची. आठवड्यातून सहा दिवस, एका व्हिजिटचे ४००.

साडेतीन आठवड्यांनी दाखवायला नेलं तर सर्जन म्हणाले, गुडघा सत्तर अंशांच्या पुढे वाकत नाहीये, आणि पूर्ण सरळही होत नाहीये. अजून काही आठवड्यांत नव्वदच्या वर गेला नाही, तर भूल देऊन वाकवायचा विचार करावा लागेल. आई घरी येईपर्यंत ऑटोत काही बोलली नाही.

मग चुलत बहिणीच्या ओळखीनं प्रतापनगरकडच्या एक बाई आल्या. पहिल्या दिवशी त्यांनी व्यायामच घेतला नाही. चाळीस मिनिटं नुसत्या विचारत होत्या. दिवसभर कुठे बसता, संडास कसा आहे, जिना दिवसातून किती वेळा, दुखण्याची गोळी किती वाजता घेता. गोळी आई जेवणानंतर दोन वाजता घ्यायची आणि तो मुलगा यायचा अकराला. म्हणजे रोज वाकवायच्या वेळी गोळीचा असर उतरलेला. सर्जनच्या असिस्टंटला माझ्यासमोर फोन लावून त्यांनी गोळीची वेळ बदलून घेतली. मग विचारलं, रात्री पायाखाली काही घेता का? घेते की. गुडघ्याखाली उशी. आम्हीच मोठ्या मायेनं दिली होती, पाय उंच राहावा म्हणून. बाईंनी उशी काढून बाजूला ठेवली. "रात्रभर गुडघा वाकलेला ठेवायचा आणि दिवसा सरळ होत नाही म्हणायचं? ठेवायचीच असेल तर टाचेखाली ठेवा, पाय आपोआप सरळ होईल."

नंतर गोनिओमीटर काढला (शाळेतल्या कोनमापकाचा मोठा भाऊ म्हणा). वाकणं ७२, सरळ व्हायला १२ कमी. भिंतीवरच्या कॅलेंडरवर तारखेच्या चौकटीत दोन्ही आकडे लिहिले. तीन व्यायाम दिले, तीनच, दिवसातून पाच वेळा. मशीन आणलंच नव्हतं. खरं सांगते, मला वाटलं होतं, हिला ६०० कशाचे द्यायचे?

सातव्या आठवड्यात ९६, दहाव्यात ११२, आणि सरळ व्हायला जेमतेम दोन-तीन कमी. बाई आठवड्यातून दोनदाच यायच्या, म्हणजे आठवड्याचे १२०० पडले. आधी २४०० जात होते.

डिग्री दोघांची तीच आहे. मग फरक नेमका कुठे पडतो? आणि आपल्यासारख्यानं तो साडेतीन आठवडे घालवण्याआधी कसा ओळखायचा?


तर्रीपोहे

अरे बाप्पा, ताई, तुम्ही तर माझीच गोष्ट लिहून राहिल्या.

माझी कंबर धरली होती. दहा सिटिंगचं पॅकेज घेतलं, पैसे आधी. हॉलमध्ये सहा खाटा, सहा पडदे, सहा मशीन अन् पोरगी एक. ती बिचारी पंगतीत वाढल्यासारखी फिरून राहिली होती, इथे शेक, तिथे करंट, तिकडे टाइमर वाजला की चकत्या काढ. बाजूच्या खाटेवरच्या काकांची मान अन् माझी कंबर, दोघांना सेम टू सेम. सातव्या दिवशी तिनं मलाच विचारलं, "काका, तुमची मान ना?"

मी म्हटलं, आजपासून मान.

दहाव्या दिवशी बरं वाटलं बरं का. मग रविवारी गॅसचं सिलेंडर उचललं अन् पुन्हा जैसे थे. वाकायचं कसं, उचलायचं कसं, हे दहा दिवसांत कोणी सांगितलंच नाही ना बे!


निवृत्त_हेडमास्तर

एक शंका मांडतो, राग मानू नका.

ताई, तुमच्या आईंचा गुडघा चौथ्या आठवड्यापासून दहाव्यापर्यंत थोडाफार सुधारलाच असता. सूज उतरते, टाके भरतात, भीती जाते. कंबरदुखीही बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप कमी होते, तर्रीपोहेंना दहाव्या दिवशी बरं वाटलं त्यात कदाचित मशीनचाही हात नसेल. जो नंतर येतो त्याच्या वाट्याला यश येतं. क्रम उलटा असता, म्हणजे बाई आधी आणि तो मुलगा नंतर, तर आज धाग्याचं शीर्षक काय असतं?

३३ वर्षं शाळेत काढली आहेत. दहावीच्या वर्गाचा निकाल लागला की श्रेय कोणाचं, यावर शिक्षकांच्या खोलीत झालेली भांडणं पाहिली आहेत, म्हणून विचारलं.


संत्राबर्फी

सर, मुद्दा मान्य. पण उशी? उशी तर आपोआप निघाली नसती. आम्ही ती आजही लावूनच ठेवली असती.


पांढराकोट

मी फिजिओ आहे, १४ वर्षं झाली, त्यामुळे हा धागा वाचून आधी अंगाला लागलं. तरी लिहितो.

हेडमास्तर सरांचं कंबरेबाबत बरोबर आहे, आणि आमच्या धंद्यातलं हे सर्वात सोयीचं सत्य आहे. न बिघडवता नुसतं थांबलो तरी निम्मं काम निसर्ग करतो आणि फी आम्ही घेतो. गुडघ्याचं मात्र तसं नाही. सूज आपोआप उतरेल, पण सरळ होणं आपोआप येईलच असं नाही. आत व्रण तयार होत असतो, त्याला ज्या स्थितीत ठेवाल तसा तो आखडतो. साध्या चालण्याला साधारण ६५-७० अंश पुरतात, म्हणून पेशंटला घरात फिरताना वाटतं, जमतंय की. जिना आणि बैठी खुर्ची आली की कळतं.

आता फरक कुठून येतो. आम्ही केलं ते बीपीटी म्हणजे चार वर्षं आणि सहा महिने इंटर्नशिप. एवढ्यात आयसीयूतल्या पेशंटच्या छातीपासून सेरेब्रल पाल्सीच्या बाळापर्यंत सगळं येतं. इंटर्नशिपमध्ये कुठला वॉर्ड मिळाला आणि तिथल्या सिनिअरनं "हे का करतोयस?" असं किती वेळा विचारलं, यावर निम्मा फिजिओ घडतो. माझ्या सिनिअर बाई रोज विचारायच्या. रडू यायचं. माझ्या बॅचमेटला ज्यांच्या हाताखाली टाकलं ते कधी विचारत नसत, तो खूश होता. परिषदेकडे नोंदणी झाली की दुसऱ्या दिवशी बोर्ड लावता येतो, कोणाच्या हाताखाली राहिलंच पाहिजे असं नाही. एमपीटीची, म्हणजे पुढच्या पदव्युत्तर डिग्रीची, दोन वर्षं एका शाखेची असतात, पण दारात येणारा पेशंट शाखा बघून येत नाही. न्यूरोमध्ये (मेंदू आणि मज्जातंतूंच्या शाखेत) एमपीटी केलेला माणूस दिवसभर गुडघे बघतो, हे मी रोज पाहतो.

दुसरी गोष्ट सर्जनची चिठ्ठी. वरून येतं : "फिजिओ : एसडब्ल्यूडी + आयएफटी × १० दिवस." म्हणजे मशीनचा शेक आणि मशीनचा करंट. झालं. नवा पोरगा सर्जनला उलट फोन करून विचारेल का, सर, हिला मशीनपेक्षा मांडीच्या स्नायूची ताकद हवी आहे? नाही विचारणार. पुढचा पेशंट येणं बंद होईल ही भीती. संत्राबर्फी ताईंच्या बाईंनी गोळीसाठी फोन लावला ना, तो फोन लावायला दहा वर्षं लागतात.

आणि पैसा. धंतोली-रामदासपेठेत गाळ्याचं भाडं काढायचं तर तासाला एक पेशंट परवडत नाही, सहा खाटा परवडतात. मशीनचा खरा गुण हा की ते चालू असताना आपण दुसऱ्या पेशंटकडे जाऊ शकतो. तात्पुरता आराम काहींना पडतो, नाही म्हणत नाही. पण ब्रिटनच्या नाईस या संस्थेनं २०१६ साली कंबरदुखीसाठी अल्ट्रासाउंड, टेन्स आणि आयएफटी (दोन्ही करंटचेच प्रकार), ट्रॅक्शन (कंबर ताणणं) देऊ नका असं स्पष्ट लिहिलं. इथे निम्म्या क्लिनिकची कमाई त्यावरच उभी आहे.

पण दोष फक्त आमच्या पदरात घालू नका. मी एकदा ठरवलं, मशीन बंद, फक्त तपासणी आणि व्यायाम. महिन्याभरात पेशंट बोलू लागले, "तिकडे तर तेवढ्याच पैशात शेक पण देतात." काही गेलेच. ताईंनी स्वतः लिहिलंय ना, ६०० कशाचे? आता मीही दहा मिनिटं मशीन लावतो. त्या दहा मिनिटांत बाजूला स्टूल घेऊन बसतो आणि काल काय काय केलं ते विचारतो. पेशंटला वाटतं मशीन चालू आहे.


तर्रीपोहे

म्हणजे मशीन तुमचं चहाचं कप हाय, गप्पा मारायला! आवडलं आपल्याला.


पुरणपोळी_वर्ज्य

माझ्या शुगरला १२ वर्षं झाली, त्यात गेल्या वर्षी डावा खांदा आखडला. फ्रोझन शोल्डर. रात्री कूस बदलली की जीव जायचा. ब्लाउजचे हूक मागून लावता येईनात.

पहिल्या ठिकाणी "जोर लावल्याशिवाय सुटणार नाही मॅडम" म्हणून दोन्ही हातांनी ताणायचे. मी ओरडायची, बाहेर बसलेले लोक आत डोकवायचे. तीन आठवड्यांत जेवढा हात वर जात होता तेवढाही जाईना. दुसऱ्या ठिकाणी (लक्ष्मीनगरला, योगायोगानं तीही एकटीच काम करते) तिनं सांगितलं, अजून तुमचं दुखण्याचं पर्व चालू आहे, यात ओढाताण नको, दुखेल तिथे थांबा, लोंबता हात झुलवा, आणि शुगरचा रिपोर्ट आणा. मला वाटलं ही काहीच करत नाही. चार महिन्यांनी तिनंच जोर वाढवला.

म्हणजे पहिला आळशी नव्हता हो. त्यानं दुप्पट मेहनत केली माझ्यावर. तीच नडली.


पांढराकोट

@पुरणपोळी_वर्ज्य, तुमच्या दुसऱ्या फिजिओच्या बाजूनं चांगला पुरावा आहे. नेदरलँड्समध्ये ७७ पेशंटवर केलेला अभ्यास २००४ साली छापून आला. एका गटाला वेदनेपलीकडे जाऊन जोरदार ताणणं, दुसऱ्याला वेदनेच्या आतले हलके व्यायाम. दोन वर्षांनी हलक्या गटातल्या ८९ टक्के लोकांचा खांदा जवळपास पूर्ववत होता, जोरदार गटात ६३ टक्के. अभ्यास लहान आहे, शेवटचा शब्द नाही. पण आमच्याकडे "दुखलं तरच सुटतं" हे वाक्य पिढ्यान्‌पिढ्या पोचलंय, आणि हाडवैद्यापासून पेशंटच्या सासूपर्यंत सगळे त्याच मताचे.

गंमत म्हणजे गुडघा बदलल्यावर थोडं दुखणं सोसून वाकवावं लागतं, आणि या खांद्याला सुरुवातीला ते चालत नाही. दोन्हीकडे पेशंट ओरडतोच. कुठे थांबायचं आणि कुठे नाही, हे ज्याला कळतं तो चांगला.


धंतोलीकर

मुळात हे लोक नावापुढे डॉक्टर लावतात तिथेच गडबड आहे. पेशंटला वाटतं डॉक्टरनं तपासलं. सरकारनं बंद केलं होतं ना ते?


पांढराकोट

सप्टेंबर २०२५ मध्ये आरोग्य सेवा महासंचालनालयाचं तसं पत्र निघालं आणि दुसऱ्याच दिवशी मागे घेतलं गेलं. त्यावर वेगळा धागा काढा, तिथे भांडू. इथल्या प्रश्नाशी त्याचा संबंध एवढाच की "डॉ." असो-नसो, पायाला सूज आणि पोटरीत दुखतंय म्हटल्यावर मालिश न करता जो लगेच हॉस्पिटलला पाठवतो, त्याच्याकडे जा. ऑपरेशननंतर तिथे रक्ताची गाठ असू शकते.

नोंदणी मात्र विचाराच. महाराष्ट्रात आमची वेगळी परिषद आहे, फिजिओ आणि ऑक्युपेशनल थेरपी (रोजची कामं पुन्हा करायला शिकवणारे) दोघांची मिळून, आणि नंबर असतो. देशपातळीवर २०२१ चा कायदाही झालाय. सहा महिन्यांचा मसाजचा कोर्स करून "फिजिओ सेंटर" चालवणारे रिंग रोडला मी स्वतः पाहिले आहेत.


मानेवाडा_रिंगरोड

बाबांना दीड वर्षापूर्वी पॅरालिसिस झाला, डावी बाजू. आमच्याकडे तिघं येऊन गेले म्हणून लिहितो.

पहिला रोज यायचा आणि बाबांचा हात स्वतःच हलवायचा. वर, खाली, बाजूला. बाबा टीव्ही बघायचे. आम्हाला वाटायचं, चाललंय छान. दुसऱ्यानं टीव्ही बंद करायला लावला, पण त्याच्याकडेही तोच एक ठरावीक क्रम. तिसरी मुलगी ऑक्युपेशनल थेरपीची, नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजमधून शिकलेली. तिनं स्वयंपाकघरातून स्टीलचा गिलास मागितला. गिलास पकडा, उचला, तोंडापर्यंत न्या, ठेवा. पुन्हा. रिकामा, मग अर्धा पाणी. दिवसातून किती वेळा ते वहीत रेघा मारून लिहायचं. पहिल्या आठवड्यात रोजच्या ४० रेघा होत्या, दोन महिन्यांत ३०० च्या वर. पाणी किती सांडलं ते विचारू नका, आईनं सतरंजीच गुंडाळून ठेवली.

तिनंच सांगितलं होतं की अमेरिकेतल्या एका पाहणीत अशा पेशंटच्या एका सेशनमध्ये हाताचा कामाचा सराव सरासरी ३२ वेळाच होतो असं दिसलं. मेंदूला नव्यानं शिकायला शेकड्यांनी लागतो. म्हणजे पहिला माणूस रोज येत होता, पण बाबांचा स्वतःचा सराव शून्य. हात त्याचा तयार होत होता.

बाबा आता चहाचा कप दोन्ही हातांनी धरतात. डाव्या हाताची बोटं अजून पूर्ण उघडत नाहीत. उगाच चमत्कार झाला असं कोणाला वाटू नये म्हणून लिहिलं.


निवृत्त_हेडमास्तर

अवांतर : ऑक्युपेशनल थेरपीचा विषय निघालाच आहे तर नागपूरकरांनी छाती फुगवावी. हे शिक्षण आपल्या देशात कमलाबाई निंबकरांनी १९५० साली मुंबईत सुरू केलं, आणि त्यानंतर १९५८ साली नागपुरात. बाई जन्मानं अमेरिकन, लग्नानं निंबकर. माझ्या एका विद्यार्थिनीनं तिथे प्रवेश घेतला तेव्हा तिच्या वडिलांनी मला विचारलं होतं, "सर, हे ऑफिसचं काही आहे का?"

माझी शंका मात्र मी मागे घेत नाही. पण गिलास आणि रेघा ऐकल्यावर थोडी पातळ झाली. हा शुद्ध गृहपाठ आहे. वही तपासणारा शिक्षक आणि न तपासणारा, यांच्यातला फरक मला समजतो.


गुडघेदुखी_५८

सगळे फिजिओला बोलून राहिले, आता माझं ऐका.

माझी फिजिओ एक नंबर होती. तपासलं, समजावलं, चार व्यायामांचे व्हिडिओ माझ्याच मोबाइलवर काढून दिले. म्हणाली, गुडघ्याची झीज आहे, मांडी भक्कम करा, पाच-सहा किलो वजन उतरवा, बारा आठवडे द्या. पहिले चार दिवस केलं. मग भाच्याचं लग्न आलं, मग सावजीचं जेवण, मग ऊन. दीड महिन्यानं तिच्याकडे गेलो, तिनं विचारलं, किती दिवस केलं? मी म्हटलं, रोज. तिनं खुर्चीवरून हात न टेकता उठायला लावलं. तिसऱ्याच वेळी मांड्या थरथरल्या. ती हसली फक्त.

मी बाहेर येऊन बायकोला सांगितलं, हिच्यात काही दम नाही, दुसरी शोधू.


तर्रीपोहे

भाऊ, हा कबुलीजबाब फ्रेम करून प्रत्येक फिजिओच्या भिंतीवर लावा.


संत्राबर्फी

@पांढराकोट, माझा दुसरा प्रश्न राहिला. आधीच कसं ओळखायचं? पहिला मुलगा काही वाईट नव्हता. वेळेवर यायचा, नम्र होता. आम्हाला तर तो उत्तमच वाटत होता.


पांढराकोट

त्यात चूक तुमची नाही. वेळेवर येणं आणि गोड बोलणं एवढंच बाहेरून दिसतं, बाकीचं दिसायला थोडं माहीत असावं लागतं.

मी नातेवाइकांना सांगतो ते असं. पहिल्या दिवशी त्यानं तुमच्या दिवसाबद्दल विचारलं का ते बघा. दुखतं कुठे हे सगळेच विचारतात. सकाळी उठल्यापासून काय काय अडतं, हे कोण विचारतो? मग काही मोजलं का? कोन मोजा, खुर्चीवरून तीस सेकंदांत किती वेळा उठता ते मोजा, किती पायऱ्यांनी थांबावं लागतं ते मोजा, काहीही. लिहून ठेवलं का? गोनिओमीटरमध्येही चार-पाच अंश इकडे-तिकडे होतात, म्हणून आज ८८ उद्या ९१ झालं तर नाचू नका आणि उलट झालं तर रडू नका. पण दोन आठवड्यांत आकडा हललाच नाही तर त्यानं काहीतरी बदललं पाहिजे. मला विचाराल तर ही एकच खूण सगळ्यात मोठी. पहिल्या दिवशीचा व्यायाम आणि विसाव्या दिवशीचा व्यायाम तोच असेल, तर तुमच्याकडे कोणी बघतच नाहीये.

मुद्दाम विचारा, "हा व्यायाम कशासाठी?" चिडला तर समजा. "किती दिवसांत तुमची गरज राहणार नाही?" हेही विचारा. मला कोणी हे विचारलं की थोडं टोचतं, पण उत्तर देता आलं पाहिजे.

आणि एमआरआयचा कागद बघून "तुमची गादी (मणक्यांमधली डिस्क) सरकलीय, आता आयुष्यभर वाकायचं नाही" असं कोणी म्हणालं तर तिथून उठा. काहीच दुखत नसलेल्या लोकांच्या एमआरआयमध्येही गादीची झीज दिसते. विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांत, असं २०१५ सालच्या एका मोठ्या आढाव्यात आहे. वाकायला घाबरलेला पेशंट मला परत वाकवायला महिने लागतात. ते घाबरवणं मिनिटभराचं काम असतं.


पुरणपोळी_वर्ज्य

हे "तुमची गरज कधी राहणार नाही" मी उद्याच विचारते. आमच्या वॉटर प्युरिफायरवाल्याला पण.


संत्राबर्फी
(तीन महिन्यांनी)

धागा वर काढते आहे, कारण एक गोष्ट सांगायची राहिली.

आमच्या महालक्ष्म्या असतात. आई जमिनीवर बसून पूजा करायची, यंदा खुर्चीवर बसून केली. बाईंनी आधीच सांगितलं होतं, नव्या गुडघ्यानं मांडी घालायचा हट्ट नको. आंबील मात्र तिनं उभं राहून स्वतः केली. गोष्ट ही नाही.

खालच्या मजल्यावरच्या काकूंचाही गुडघा गेल्या महिन्यात बदलला. आणि त्यांच्याकडे फिजिओ म्हणून कोण यावं? तोच मुलगा. जिन्यात समोर आला. मी काही बोलणार तेवढ्यात आईनं त्याला वर बोलावलं, पन्हं दिलं. मला राग आला होता, तिला नव्हता.

बसला, मग बोलता बोलता कळलं. एप्रिलमध्ये तो दिवसाला ११ घरं करत होता. सकाळी दत्तवाडी, मग जरीपटका, अकराला आम्ही, मग मानेवाडा, ४४ डिग्रीच्या उन्हात. आमच्या ४०० मधले त्याच्या हातात १५० यायचे, पेट्रोल त्याचंच. आणि प्रत्येक घरी मशीन लावल्याचा फोटो काढून एजन्सीच्या ग्रुपवर टाकावा लागायचा, नाहीतर ती व्हिजिट धरायचे नाहीत. गुडघा मोजल्याचा फोटो कोणी मागत नव्हतं. "ताई, कॉलेजात आम्हाला मोजायला शिकवलं होतं," म्हणाला. आता एजन्सी सोडली, स्वतःची पाचच घरं धरतो.

कॅलेंडरचं एप्रिल-मेचं पान आईनं फाडलं नव्हतं, मागे तसंच होतं. त्यानं ते उलटून ७२ पासून ११२ पर्यंतचे आकडे वाचले. एका एका तारखेवर बोट ठेवून. मग आईला विचारलं, "काकू, नेमकं काय बदललं?" आई म्हणाली, गोळीची वेळ, आणि उशी.

तो थोडा वेळ गप्प बसला. "उशीचं मी विचारलंच नव्हतं," म्हणाला.

काल खालच्या काकूंकडे गेले होते. त्यांच्याही कॅलेंडरवर पेनानं आकडे आहेत. तिसरा आठवडा, ८४.


निवृत्त_हेडमास्तर

आणि उशी?


संत्राबर्फी

टाचेखाली, सर.